झिमझिमी नावाचं फूल

ता. ३ डिसेंबर, रविवार
मागची पायरी, दुपार

प्रिय शेंडेफळ,

आशीर्वाद. तू बरी आहेस असं धरून चालते. बरी नसलीस की तुझं पत्र दोन पानी येतं आणि या खेपेचं जेमतेम अर्धं पान आहे. मीही बरी आहे, एक दाढ सोडून. दाढ माझी असली तरी दुखताना ती मला विचारत नाही.

असो. मला ठाऊक आहे, पाकीट फोडल्याबरोबर तू आधी बागेचं शोधतेस आणि माझी दाढ मागाहून वाचतेस. तेव्हा बागेचं.

यंदा थंडी काही आलीच नाही. दारातून डोकावली, आत कोण कोण आहे ते पाहिलं आणि निघून गेली. तिच्या जागी हा पाऊस येऊन बसलाय. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर दुकानात पोचेपर्यंत डोकं ओलं. बारा दिवस हाच कार्यक्रम. माणसांना सर्दी आणि फुलांची चैन! पॅन्झी तर इतक्या फुलल्यात की वाफा दिसत नाही. त्यांचे ते चेहरे तुला माहीत आहेत. कमिटीच्या बैठकीसारख्या बसल्यात, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आणि विषय काय चाललाय ते एकीलाही कळलेलं नाही. शेवंती पाण्याच्या भारानं वाकलीय. शेजारीण म्हणाली, "किती नम्र दिसते नाही?" नम्र कसली, मान अवघडली असेल. नर्गिस महिनाभर आधीच उगवलीय आणि आता आपण लवकर आलो की काय, अशा चेहऱ्यानं भिंतीला टेकून उभी आहे.

ह्यांनी लावलेल्या कॅमेलियावर आज सकाळी एकेचाळीस फुलं मोजली. खाली पडलेली वेगळी. ते फूल पाकळी पाकळी गळत नाही गं, अख्खंच्या अख्खं पडतं, तोंड वर करून. ओल्या मातीवर पडलेलं असलं तरी वाटतं की अजून झाडावरच आहे, फक्त झाड जरा बाजूला सरकलंय. गोगलगायी मात्र माजल्यात. रोज सकाळी वीसेक उचलून मागच्या गल्लीत सोडून येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच परत आल्यासारख्या वाटतात. चालायला इतका वेळ लावणाऱ्या जिवाला एवढी ओढ कशी असते, देव जाणे.

आणि हो, तू विचारायच्या आत सांगते. झिमझिमी आली. कोपऱ्यातल्या ओल्या भिंतीशी, नऊ फुलं. पण ती भरवशाची नाही हं. जरा ऊन पडलं की मान टाकते. तू येशील तेव्हा असेलच असं नाही. नाही दिसली तर माझ्या नावानं खडे फोडू नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. "ताई, तू आठ दिवस लेकीकडे जा, आराम कर. मी येते, माझी एक मैत्रीण बरोबर असेल, घर आणि बाग दोन्ही बघते." हे घर घेतल्यापासून तू एकदाच आलीस, तेही भर उन्हाळ्यात, बागेत नुसत्या काड्या असताना. हिवाळ्यात यावंसं तुला वाटलं, याचंच मला अप्रूप. खरं सांगू? मला "तू जा, मी बघते" असं कुणी शेवटचं कधी म्हटलं ते आठवेना. दुकानात मालक म्हणतात, "तुम्ही बघा, मी जातो." घरी म्हणायला कुणी उरलं नाही. म्हणून तुझं ते वाक्य वाचून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडून घेतलं. हसू नकोस. दाढही दुखत होती, थोडं श्रेय तिलाही जातं.

बॅग भरून ठेवलीय. लेकीनं पलंगाच्या चादरीसुद्धा बदलल्या म्हणे. शनिवारी, सोळाला, मी सकाळच्या गाडीनं निघेन. तू दुपारी पोचशील. किल्ली शेजारणीकडे. मागचं दार ओलीनं फुगलंय, खालून पायानं ढकलायचं. झाडांना पाणी मुळीच घालायचं नाही, आकाश घालतंय. तुझ्या पाठीसाठी पलंगावर कडक गादी टाकलीय.

फोन करायचा होता, पण तुझा तो हट्ट, "फोन नको ताई, तू लिही गं, तुझी पत्रं वाचली की बरं वाटतं." म्हणून लिहिलं.

तुझी वाट माझ्याऐवजी फुलं बघतील. पण वाट बघणारं कुणीतरी आहे, एवढं लक्षात ठेवून ये.

तुझी ताई

*

ता. ११ डिसेंबर, सोमवार
दुकान, जेवणाची सुट्टी

प्रिय शेंडेफळ,

आशीर्वाद. पाऊस चालू आहे. दाढ काढली. पॅन्झी ठीक.

लेकीकडे जात नाही. बॅग रिकामी केली. चादरी तिनं पुन्हा जुन्या घातल्या असतील.

तुला माझं काम माहीत आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर ती तपासणीची जड फ्रेम ठेवायची, भिंगं बदलायची आणि विचारायचं, "हे बरं, की मघाचं बरं?" अठरा वर्षं झाली. अर्ध्या लोकांना दोन्ही सारखंच दिसतं, पण तसं म्हणायला ते लाजतात, म्हणून एक काहीतरी सांगतात. लांबचा नंबर झाला की जवळचा बघायचा. त्यासाठी मालकांनी एक साप्ताहिक लावलंय. मी ते गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि म्हणते, "वाचा." स्वतः कधी वाचलं नाही. दिवसभर दुसऱ्यांकडून वाचून घेणाऱ्या बाईला घरी गेल्यावर अक्षर बघवत नाही. बघवतं ते एकच अक्षर, तुझं.

शुक्रवारी ड्रॉइंगमास्तर आले होते. निवृत्त झालेत, तोंडाळ पण माणूस चांगला. त्यांना जवळचा नंबर लावला, साप्ताहिक हातात दिलं. म्हटलं, "कुठलंही पान उघडा आणि मोठ्यानं वाचा." मास्तर वाचायला लागले.

"झिमझिमी ही ऊन पडलं की मान टाकते. तिचं तोंड बघायचं असेल, तर गुडघे टेकावे लागतात. एवढा मान मागणारं एवढंसं फूल मी दुसरं पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "दिसतंय का बरोबर?"

"दिसतंय हो, मुंगीसुद्धा दिसेल. पण बाई, हे फूल कुठलं? जन्मभर पोरांकडून फुलं काढून घेतली मी. झिमझिमी नाही कुणी काढली."

मी म्हटलं, "असेल काहीतरी, मास्तर. छापलंय म्हणजे असेलच." आणि त्यांच्या फ्रेमचा दांडा वाकवायला घेतला. तो इतका वाकवला की त्यांच्या कानाला लागला. "बाई, कान माझा आहे!" म्हणाले.

लेखाचं नाव 'खिडकीतली बाग'. लेखिका 'वेलांटी'. टोपणनाव छान आहे, ते मात्र तुझं स्वतःचं दिसतं.

मागच्या कपाटात साठेक अंक होते. दुपारी शटर अर्धं ओढलं, डबा न उघडता सगळे वाचले. दीड वर्षाचे. माझी गोगलगायींची पत्रं होती, शेवंतीची मान होती, "थेंब उतरायला तयार नाही, पाकळीला धरून बसलाय" होतं. काही ठिकाणी तू शब्द बदललेस. माझ्या 'ओलसर' पहाटेची तू 'दमट' पहाट केलीस. दमट फडकं असतं गं, पहाट नसते. एके ठिकाणी मात्र तुझा बदल माझ्यापेक्षा चांगला होता. त्याचा जास्त राग आला.

तरीसुद्धा, इथपर्यंत असतं तर मी तोंड मिटून बसले असते. तुला लिहिलेलं तुझंच, त्याचं तू काय करायचं ते करावंस, अशी स्वतःची समजूत मी घातलीच होती. मग ती 'मोठी' भेटली. तुझ्या लेखातली थोरली बहीण. "मोठीला गुलाब आणि कोबी यांतला फरक वासावरून कळतो. त्यातही ती कधी कधी कोबीला मत देते." वाचकांची पत्रं आली आहेत खाली, 'मोठीचे किस्से आणखी येऊ द्या' म्हणून. म्हणजे बाग माझी, वाक्यं माझी आणि त्या बागेतली अडाणी बाईसुद्धा मीच. कामाची वाटणी छान केलीस.

हेही मी गिळलं असतं. माझी जीभ काही कमी तिखट नाही, आणि तुझ्यावर मी लहानपणापासून जे विनोद केलेत त्यांची परतफेड म्हणून हे चालून गेलं असतं.

या वर्षीच्या फेब्रुवारीतला अंक मात्र मी दोनदा वाचला. पहिल्यांदा नीट दिसलं नाही.

तुला आठवत असेल, त्याच्या आदल्या वर्षी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. हे गेल्यानंतर सहा महिन्यांनी. लिहिलं होतं की दुपारी मी कॅमेलियाशी बोलते. ह्यांच्याशी बोलायचं राहून गेलं ते त्याला सांगते, कारण खड्डा ह्यांनी खणला होता. शेवटी लिहिलं होतं, 'हे कुणाला सांगू नकोस, लोक मला वेड्यात काढतील.' आणि तू छापलंस, "मोठी झाडाशी बोलते. झाड बिचारं ऐकून घेतं, त्याला उठून जाता येत नाही. तिच्या नवऱ्यानं मात्र वाट काढली."

विनोद म्हणून चांगला आहे. मला विनोदातलं कळतं, म्हणून सांगते. शेवटचं वाक्य छोटं ठेवलंस, तेही बरोबर. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यावर असता तर मी तुला वाचून दाखवला असता आणि आपण दोघी हसलो असतो.

आता शनिवारचं. ताज्या अंकात चौकट आहे, 'वेलांटीची बाग, प्रथमच छायाचित्रांसह. अर्थातच झिमझिमीसुद्धा.' म्हणजे मैत्रीण कॅमेरा घेऊन येणार. आणि कोबीवाल्या मोठीनं आठ दिवस लेकीकडे आराम करायचा. किती काळजी! अगं, त्या काळजीवर मी रडले होते, तेही दाढेला श्रेय देऊन.

तुझ्या विश्वासघाताची गोष्ट झाली, आता माझ्या खोटेपणाची ऐक.

झिमझिमी नावाचं फूल जगात नाही.

पाच हिवाळ्यांपूर्वी तुझ्या पाठीचं ऑपरेशन झालं. तीन महिने तू उताणी पडून होतीस, खिडकीबाहेर एक भिंत आणि दोन पाइप. मला येता येत नव्हतं, ह्यांचं दुखणं तेव्हाच वर आलं होतं. तू लिहिलंस, 'ताई, मला इथे पाऊस ऐकू येतो, दिसत नाही.' त्या वेळी बागेत फुललेलं काहीही नव्हतं. खरं सांगायचं तर एक बादली आणि वाळलेली, भेगाळलेली माती. मग मी तुझ्यासाठी एक फूल केलं. फक्त पावसात उमलणारं, मान खाली घालून बसणारं, ज्याचं तोंड झोपलेल्या माणसालाच नीट दिसेल असं. म्हटलं, ही झोपून आहे ना, तर जगातलं एक तरी फूल असं असावं की जे आपल्याला दिसत नाही आणि हिला दिसतं. नाव आपोआप आलं. तुझं उत्तर आलं, 'ताई, आज बसले. झिमझिमी किती आल्या?' मग खरं सांगायचं धाडस झालं नाही. पुढे दर वर्षी तू विचारत गेलीस आणि मी फुलं वाढवत गेले. या वर्षी नऊ.

दीड वर्ष लोकांना तू ती दाखवते आहेस. आता काय दाखवशील ते तुझं तू बघ. मी शनिवारी घरी आहे. कॅमेऱ्यासमोर कोण काय बोलेल, ते आज सांगत नाही. मला स्वतःलाच माहीत नाही.

सुट्टी संपली, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे.

ताई

*

ता. १७ डिसेंबर, रविवार
घर

शेंडेफळ,

तुझी चिठ्ठी गुरुवारी मिळाली. दोन ओळी. "ताई, शनिवारचं रद्द करता येत नाही, सगळं छापून गेलंय. तू कुणाला काही सांगितलं नाहीस ना?" मी दोन्ही ओळी उलटसुलट वाचून पाहिल्या, तिसरी कुठे आत दडलीय का म्हणून. नव्हती.

काल दुपारी तुझी मैत्रीण एकटीच आली. भिजून चिंब, कॅमेरा मात्र पोटाशी कोरडा. म्हणाली, "त्यांची पाठ धरलीय, त्या नाही आल्या." म्हटलं, "पाठ मोठी समजूतदार दिसते, वेळेवर धरते." तिला कळलं नाही. चहा दिला. मुलगी गोड आहे गं, बुटांची माती दाराबाहेर झटकून आत आली. थोड्या वेळानं माझ्याकडे बघत लाजत म्हणाली, "रागावू नका हं, पण त्या लेखातल्या मोठी म्हणजे तुम्हीच का?"

"हो, कोबीवाली."

ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. माणूस हसतं तेव्हा कुणावर हसतंय ते बघत नाही.

मग दीड तास ती बागेत होती. ओल्या मातीत सरळ पोटावर झोपून तिनं पडलेली कॅमेलिया टिपली. मी छत्री धरून उभी. शेवंतीला तिनं मान वर करायला लावली नाही, ते मला आवडलं. मग उठली, ढोपरं झटकली आणि विचारलं, "आणि झिमझिमी? संपादकांनी सांगितलंय, मुखपृष्ठाला तीच हवी."

सगळं माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य पुरे झालं असतं, 'ते फूल मी लिहिलंय, तिनं नाही.' तुझी खिडकी बंद, वेलांटी पुसलेली. आठवडाभर मी ते वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघताना मनात तेच म्हणायचे. ती ओलीचिंब मुलगी वाट बघत उभी होती.

मी म्हटलं, "गेली ती."

"म्हणजे?"

"थंडी नाही, पाऊस फार. मुळं कुजली. परवा उपटून टाकली."

"अरेरे! सगळी? बी तरी?"

"बी धरत नाही ती."

तिला खरंच वाईट वाटलं. रिकाम्या कोपऱ्याचाही एक फोटो घेतला, आठवण म्हणून. छापू नका म्हटलं.

हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस, माझा राग तसाच आहे. पण त्या तीन महिन्यांत ते फूल खरं मानून तू उठून बसली होतीस, आणि त्यावर लोकांना हसू द्यायला मी तयार नाही. तुझ्यावर हसायचा हक्क माझा होता, तो मी कुणाला दिला नव्हता. तुलाही माझ्यावरचा तोच हक्क होता. तू तो दर आठवड्याच्या अंकाबरोबर लोकांना वाटून टाकलास, एवढाच आपल्यात फरक.

फोटोंखाली नाव तुझंच येऊ दे. उद्या पुस्तक काढशील, तेही काढ. त्यातून ह्यांच्याबद्दलचं ते एक वाक्य गाळ. विनंती नाही, सांगते आहे.

तुला पत्रं टाकणं मी बंद करणार नाही. कोण आजारी, कोणाचा पत्ता बदलला, मी जिवंत आहे की नाही, हे कळवत जाईन. बाग कळवणार नाही. आज पॅन्झी कशा दिसत होत्या, ते फक्त मला माहीत आहे, आणि हे पत्र बंद केल्यावरही मलाच माहीत असेल. इतकी वर्षं काहीही फुललं की आधी मनात तुझ्यासाठी वाक्य तयार व्हायचं, मग फूल दिसायचं. आज सकाळी वाक्य न करता उभी राहून पाहिलं. अवघड गेलं. सवय होईल.

पाठ खरंच धरली असेल तर शेक घे. धरली नसेल तर आपोआप बरी होईल.

तुझी बहीण
(इथे दुसरं काही लिहून पाहिलं. चार वेळा खोडलं. एवढंच उरलं.)